उडत्या तबकड्यांच्या शासकीय चौकशा

उडत्या तबकड्यांच्या शासकीय चौकशा : आकाशात दिसलेल्या आणि पाहणाऱ्याला तत्काळ ओळखू न आलेल्या वस्तूंसंबंधी निरनिराळ्या देशांच्या शासनांनी वेळोवेळी केलेले पद्धतशीर अन्वेषण. अशा वस्तूंना लोकभाषेत ‘उडत्या तबकड्या’ आणि अधिकृत लेखनात ‘अनोळखी उडत्या वस्तू’ असे म्हटले जाते. ‘अनोळखी’ हे विशेषण वस्तूचा कोणताही गुणधर्म दर्शवीत नाही. पाहणाऱ्याजवळची माहिती अपुरी आहे, एवढेच ते सांगते. हा भेद विसरला गेल्याने या विषयात पुष्कळसा गोंधळ माजला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सु. पाऊणशे वर्षांत अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ब्रिटन, स्वीडन, कॅनडा, फ्रान्स, सोव्हिएट रशिया इ. देशांनी अशा चौकशा केल्या. बहुसंख्य वस्तू म्हणजे ग्रह, तारे, उल्का, ढग, पक्षी, फुगे, विमाने आणि अवकाशयानांचे अवशेष होत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तथापि या चौकशांचा इतिहास केवळ उत्तरांचा नाही. काही उत्तरे घाईने दिली गेली, काही चुकीची ठरली, तर काही गुप्ततेमुळे अनेक वर्षे दडून राहिली. शास्त्रीय दृष्ट्या योग्य निष्कर्षावरही जनतेचा विश्वास का बसला नाही, हे त्यावरून समजते.

प्रारंभ : १९४६ च्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये आकाशातून वेगाने जाणाऱ्या ज्वालायुक्त वस्तू दिसल्याच्या वार्ता मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या. त्यांना ‘भुताटकीचे अग्निबाण’ असे नाव पडले. जर्मनांची अग्निबाण-केंद्रे नुकतीच रशियाच्या ताब्यात गेली असल्याने या रशियाच्या चाचण्या असाव्यात, अशी भीती पसरली. स्वीडनच्या संरक्षण खात्याने नेमलेल्या समितीने सु. १,००० वार्तांची छाननी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसृत झालेल्या निवेदनानुसार त्यांपैकी सु. ८० टक्के वार्तांचा उलगडा उल्कांसारख्या खस्थ घटनांनी होत होता. सर्वाधिक वार्ता ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या होत्या. ययाति उल्कावर्षाव दरवर्षी याच सुमारास होतो [⟶ उल्का व अशनि].

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नल्ड हा खाजगी वैमानिक वॉशिंग्टन राज्यातील मौंट रेनिअर शिखराजवळून जात असता त्याला नऊ चकचकीत वस्तू ओळीने जाताना दिसल्या. त्याच्या गणिताप्रमाणे त्यांचा वेग ताशी सु. १,९०० किमी. पेक्षा अधिक होता. हा वेग त्या काळच्या कोणत्याही विमानाच्या आवाक्याबाहेरचा होता. पाण्यावरून भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशी त्या वस्तूंची गती होती, असे त्याने सांगितले. वृत्तपत्रांनी गतीची ही उपमा आकाराला लावली आणि ‘उडती बशी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत देशभरातून शेकडो वार्ता आल्या व त्यांतील पुष्कळ वस्तू बशीच्या आकाराच्याच होत्या. नावाने निरीक्षणाला वळण दिल्याचे हे पहिले ठळक उदाहरण होय.

साइन आणि ग्रज प्रकल्प : शीतयुद्धाची छाया पडू लागलेल्या त्या काळात अमेरिकी हवाई दलाला परग्रहापेक्षा रशियाची चिंता अधिक होती. सप्टेंबर १९४७ मध्ये जनरल नेथन ट्वायनिंग यांनी, या वार्तांमागे काही तरी वास्तव आहे आणि त्यांचा पद्धतशीर अभ्यास व्हावा, असे मत लेखी कळविले. त्यानुसार १९४८ च्या प्रारंभी ओहायओ राज्यातील डेटन येथे ‘साइन’ हा प्रकल्प सुरू झाला. खस्थ ज्योतींशी संबंधित प्रकरणे वेगळी काढण्यासाठी ओहायओ स्टेट विद्यापीठातील ज्योतिर्विद जे. ॲलन हायनेक यांची सल्लागार म्हणून नेमणूक करण्यात आली. पुढे सु. दोन दशके ते या चौकशांशी निगडित राहिले.

प्रकल्पाचे काम सुरू होण्याच्या सुमारासच, ७ जानेवारी १९४८ रोजी, केंटकी राज्यात एक दुर्घटना घडली. गॉडमन विमानतळावरून दिसलेल्या एका मोठ्या, चकाकणाऱ्या वस्तूचा पाठलाग करीत कॅप्टन टॉमस मँटेल यांनी आपले विमान वर नेले. जवळ प्राणवायूची सोय नव्हती. विरळ हवेत त्यांची शुद्ध हरपली असावी. विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. ती वस्तू शुक्र ग्रह असावी, असा खुलासा हवाई दलाच्या वतीने पुढे आला. शुक्र त्या वेळी आकाशाच्या साधारण त्याच भागात होता, हे खरे. परंतु दिवसाउजेडी अंधूक ठिपक्यासारखा दिसणारा ग्रह मोठी धातुमय वस्तू म्हणून अनेकांच्या डोळ्यांत भरावा, हे पटण्यासारखे नव्हते. ती वस्तू बहुधा नौदलाच्या ‘स्कायहुक’ प्रकल्पातील सु. ३० मी. व्यासाचा प्लॅस्टिकचा फुगा असावी, असे पुढे निष्पन्न झाले. प्रकल्प गुप्त असल्याने त्याची माहिती वैमानिकांना नव्हती आणि प्रारंभी चौकशी करणाऱ्यांनाही नव्हती. खुलासा बदलला, परंतु तोवर ‘अधिकारी काही तरी लपवीत आहेत’ हा समज रुजला होता. अधिकारी खरोखरच काही लपवीत होते. मात्र ते परग्रहावरील यान नव्हते.

२४ जुलै १९४८ रोजी पहाटे अलाबामा राज्यातील माँटगमरीजवळ एका प्रवासी विमानाच्या दोघा अनुभवी वैमानिकांना, दोन ओळींत प्रकाशमान खिडक्या असलेले चिरूटाच्या आकाराचे एक यान विमानाजवळून झपाट्याने जाताना दिसले. हायनेक यांच्या मते तो तेजस्वी अशनी असावा. साइनमधील काही अधिकाऱ्यांनी मात्र या वस्तू परग्रहावरून आल्या असाव्यात, असा अहवाल तयार केला आणि हवाई दलप्रमुख जनरल हॉइट व्हँडेनबर्ग यांनी पुराव्याअभावी तो परत पाठविला, असे कॅप्टन एडवर्ड रपेल्ट यांनी १९५६ मधील आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. १९४९ मध्ये साइनची जागा ‘ग्रज’ या प्रकल्पाने घेतली. त्याचा कल उघडपणे अविश्वासाचा होता. ओळखीच्या वस्तूंविषयीचे गैरसमज, युद्धोत्तर मानसिक ताण, लबाडी व मनोविकृती यांनी सर्व वार्तांचा निकाल लावून त्याने काम आटोपते घेतले.

ब्ल्यू बुक प्रकल्प : मार्च १९५२ मध्ये रपेल्ट यांच्या नेतृत्वाखाली चौकशीची पुनर्रचना होऊन तिला ‘ब्ल्यू बुक’ असे नाव मिळाले. महाविद्यालयीन परीक्षांतील निळ्या उत्तरपुस्तिकांवरून ते घेतले होते. ‘अनोळखी उडती वस्तू’ ही संज्ञाही रपेल्ट यांनीच रूढ केली. साक्षीदारांसाठी ठराविक प्रश्नावली तयार करणे, वेळ व दिशा यांची नोंद घेणे, फुगे, विमाने व ग्रह यांच्या त्या वेळच्या स्थानांशी प्रत्येक वार्ता ताडून पाहणे, अशी शिस्त त्यांनी कामाला लावली.

त्याच वर्षी जुलैमध्ये राजधानी वॉशिंग्टनवरच अनोळखी वस्तू दिसल्या. १९-२० आणि २६-२७ जुलै या रात्री तेथील विमानतळाच्या रडारपटावर वेडेवाकडे फिरणारे ठिपके उमटले, काही वैमानिकांना दिवे दिसले आणि पाठलागासाठी धाडलेली लढाऊ विमाने बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतली. २९ जुलै रोजी मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी मोठी वार्ताहर परिषद घेऊन, रडारवरील ठिपके तापमान व्युत्क्रमणामुळे उमटले असावेत, असे सांगितले. सामान्यतः उंचीबरोबर हवा थंड होत जाते. उन्हाळ्यातील निवांत रात्री जमिनीलगतची हवा निवते आणि तिच्यावर अधिक उबदार हवेचा थर राहतो. या थराच्या सीमेवर रडारच्या तरंगांचे प्रणमन होऊन ते जमिनीकडे वळतात आणि दूरच्या इमारती, मोटारी किंवा बोटी यांपासून परत येतात. पटावर मात्र ते आकाशातील वस्तूंचे प्रतिध्वनी म्हणून दिसतात. हवेचा थर हलला की ठिपकेही उड्या मारतात. मृगजळाचे कारण तत्त्वतः हेच आहे. नागरी विमान प्रशासनाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असे ठिपके दिसल्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगी व्युत्क्रमण असल्याचे आढळले. रडार चालविणाऱ्या काहींना हा खुलासा मान्य झाला नाही. असे खोटे ठिपके आम्ही नेहमी पाहतो व ओळखतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९५२ या एका वर्षात ब्ल्यू बुककडे १,५०१ वार्ता आल्या व त्यांतील ३०३ अनिर्णित राहिल्या. तो उच्चांक पुढे कधीही ओलांडला गेला नाही.

रॉबर्टसन मंडळ : वार्तांचा हा पूर पाहून केंद्रीय गुप्तवार्ता संस्थेने जानेवारी १९५३ मध्ये भौतिकीविज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांचे मंडळ बोलाविले. लुईस अल्व्हारेझ (पुढे १९६८ चे नोबेल पारितोषिक विजेते), सॅम्युएल गाउडस्मिट, लॉइड बर्कनर व थॉर्नटन पेज हे त्याचे सदस्य होते. युटा राज्यात जुलै १९५२ मध्ये घेतलेल्या एका चित्रफितीतील तेजस्वी ठिपके पक्षी नव्हेत, असा नौदलाच्या विश्लेषकांचा निर्वाळा होता. मंडळाने मात्र ते उन्हात चमकणारे कुरव पक्षी असावेत, असे ठरविले. या वस्तूंपासून देशाला प्रत्यक्ष धोका नाही. धोका आहे तो वार्तांच्या गर्दीत शत्रूच्या खऱ्या हल्ल्याची सूचना हरवून जाण्याचा, असे मंडळाचे मत पडले. म्हणून जनतेला प्रशिक्षण देऊन या विषयाभोवतीचे गूढ वलय काढून टाकावे, अशी शिफारस त्याने केली. एकंदर चर्चा चार दिवसांत उरकली व अहवाल गुप्त ठेवला गेला. पुढे तो उघड झाल्यावर, निष्कर्ष आधी ठरला व चौकशी नंतर झाली, असा आरोप करण्यास टीकाकारांना आधार मिळाला.

याच सुमारास बॅटेल स्मारक संस्थेने १९४७–५२ या काळातील ३,२०१ वार्तांचे सांख्यिकीय विश्लेषण केले. ते १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सु. एकपंचमांश वार्ता अनिर्णित ठरल्या. अधिक विश्वसनीय व तपशीलवार वार्तांमध्ये अनिर्णितांचे प्रमाण उलट जास्त होते. माहिती वाढली की गूढ कमी होते, या अपेक्षेला हे धरून नव्हते. या आकड्याचा अर्थ कसा लावावा, याविषयी मतभेद राहिले.

नैसर्गिक कारणे : या सर्व चौकशांत पुनःपुन्हा आढळलेली कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(१) ग्रह व तारे : सूर्य व चंद्र सोडल्यास शुक्र हा आकाशातील सर्वांत तेजस्वी ज्योती होय. क्षितिजाजवळ असताना त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येत असल्याने तो लुकलुकतो व रंग बदलताना दिसतो. अंधारात एकाच प्रकाशबिंदूकडे टक लावून पाहिल्यास डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालींमुळे तो बिंदूच हलतो आहे, असा भ्रम होतो. धावत्या वाहनातून पाहिल्यास जवळची झाडे मागे पडतात, परंतु अतिदूरच्या ग्रहाची दिशा बदलत नाही. त्यामुळे तो आपला पाठलाग करीत आहे, असे वाटते.

(२) उल्का व अशनी : मोठा अशनी काही सेकंदांत शेकडो किमी. अंतर कापतो, हिरवा वा नारिंगी प्रकाश देतो आणि फुटून तुकड्यांची रांग तयार होते. निवांत रात्री शंभर किमी. अंतरावरील अशनी पाहणाऱ्याला समोरच्या टेकडीमागे पडल्यासारखा वाटतो. पार्श्वभूमीवर तुलनेसाठी काहीही नसता डोळ्याला अंतर कळत नाही; अंतर कळले नाही की आकार व वेगही कळत नाहीत.

(३) वातावरणातील आविष्कार : डोंगराच्या वाऱ्याखालील बाजूस तयार होणारे भिंगाच्या आकाराचे ढग तासन् तास एकाच जागी स्थिर राहतात व मावळतीच्या प्रकाशात धातूच्या तबकडीसारखे दिसतात. उंचावरील हिमस्फटिकांमुळे सूर्याच्या दोन्ही बाजूंस भासमान सूर्य उमटतात. यांखेरीज मृगजळ, ध्रुवीय प्रकाश, गडगडाटी वादळात टोकदार वस्तूंवर दिसणारी विद्युत् दीप्ती व क्वचित गोलक वीज यांचाही समावेश होतो.

(४) मानवनिर्मित वस्तू : फुगे, विमानांचे दिवे, उपग्रह आणि वातावरणात पुनःप्रवेश करणारे अग्निबाणांचे अवशेष या वस्तू नैसर्गिक नसल्या, तरी त्यांच्याविषयीचे गैरसमज दृष्टीच्या त्याच मर्यादांतून उद्‌भवतात. केंद्रीय गुप्तवार्ता संस्थेच्या १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासानुसार, १९५५ पासून उडू लागलेल्या यू–२ या गुप्त टेहळणी विमानामुळे वार्तांची संख्या लक्षणीय वाढली होती. हे विमान १८ किमी. पेक्षा अधिक उंचीवरून जाई व जमिनीवर सूर्यास्त झाल्यावरही त्याच्या पंखांवर ऊन चमके. कारण ठाऊक असूनही गुप्ततेपायी ते सांगता येत नव्हते.

कच्छ वायूचे प्रकरण व काँडन समिती : मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यातील डेक्स्टर व हिल्सडेल येथे दलदलीवर तरंगणारे दिवे अनेकांनी पाहिले. २५ मार्च रोजी वार्ताहरांपुढे हायनेक यांनी, ते कुजणाऱ्या वनस्पतींपासून निघणाऱ्या कच्छ वायूच्या मंद ज्वलनामुळे दिसले असावेत, असे सांगितले. त्यांनी ही एक शक्यता म्हणून मांडली होती. वृत्तपत्रांनी ती निर्णय म्हणून छापली आणि देशभर तिची टवाळी झाली. आपण पाहिले ते नाकारले जात आहे, अशी साक्षीदारांची भावना झाली. मिशिगनचे प्रतिनिधी जेरल्ड फोर्ड (पुढे राष्ट्राध्यक्ष) यांनी संसदीय चौकशीची मागणी केली व ५ एप्रिल रोजी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सुनावणी झाली.

परिणामी स्वतंत्र विद्यापीठीय अभ्यास व्हावा असे ठरून ऑक्टोबर १९६६ मध्ये ते काम कोलोरॅडो विद्यापीठाकडे सोपविण्यात आले. विख्यात भौतिकीविज्ञ एडवर्ड काँडन हे त्याचे प्रमुख होते. काम चालू असतानाच एका प्रशासकाचे ऑगस्ट १९६६ मधील टिपण बाहेर आले. अभ्यास जनतेला वस्तुनिष्ठ वाटावा, पण शास्त्रज्ञांना मात्र तो यश मिळण्याची आशा नसलेल्या अविश्वासूंचा प्रयत्न वाटावा, अशा आशयाची युक्ती त्यात सुचविली होती. टिपण बाहेर गेल्याच्या कारणावरून फेब्रुवारी १९६८ मध्ये दोन सदस्यांना काढून टाकण्यात आले. जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, गेल्या एकवीस वर्षांच्या अभ्यासातून विज्ञानात काहीही भर पडलेली नाही व पुढील विस्तृत अभ्यास समर्थनीय ठरणार नाही, असा निष्कर्ष काँडन यांनी काढला. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यास मान्यता दिली. तथापि अहवालातीलच काही प्रकरणे अनिर्णित होती. ॲरिझोना विद्यापीठातील वातावरणवैज्ञानिक जेम्स मॅकडॉनल्ड यांनी निष्कर्ष व आतील मजकूर यांच्यातील या विसंगतीवर कठोर टीका केली.

या अहवालातील एक प्रकरण कायम महत्त्वाचे ठरले आहे. ३ मार्च १९६८ च्या रात्री सोव्हिएट ‘झाँड–४’ च्या प्रक्षेपणाशी संबंधित अवशेष वातावरणात जळत अमेरिकेच्या पूर्वभागावरून गेले. कारण ठाऊक असलेल्या घटनेच्या प्रत्यक्षदर्शींची वर्णने तपासण्याची ही दुर्मिळ संधी होती. ज्योतिर्विद विल्यम हार्टमन यांनी ती साधली. बहुतेकांनी प्रकाशमान तुकड्यांची रांग पाहिल्याचे बरोबर सांगितले. परंतु काही सुशिक्षित व प्रामाणिक साक्षीदारांनी चिरूटाच्या आकाराचे, ओळीने चौकोनी खिडक्या असलेले यान थोड्याच उंचीवरून निःशब्दपणे गेल्याचे कळविले. वस्तुतः सुटे दिवे तेवढे होते. त्यांना जोडणारे काळे अंग मनाने पुरविले होते. १९४८ मधील अलाबामाच्या वैमानिकांनी केलेल्या वर्णनाशी हे वर्णन आश्चर्यकारकपणे जुळते. साक्षीदार खोटे बोलत नव्हते व भ्रमिष्टही नव्हते. माणसाची दृष्टी दिसलेल्या बिंदूंना परिचित आकार देते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

१७ डिसेंबर १९६९ रोजी ब्ल्यू बुक प्रकल्प बंद झाल्याचे जाहीर करण्यात आले. १९४७ पासूनच्या १२,६१८ वार्तांपैकी ७०१ (सु. ५.६ टक्के) अनिर्णित राहिल्या. हायनेक यांचे मत तोवर बदलले होते. ही चौकशी अपुऱ्या माणसांनिशी व वरवर झाली, असे त्यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आणि १९७३ मध्ये स्वतंत्र अभ्यासकेंद्र स्थापन केले. अनिर्णित प्रकरणांचा अर्थ हाच वादाचा खरा मुद्दा होता. काँडन यांच्या मते तो केवळ अपुऱ्या माहितीचा गाळ होता; हायनेक यांच्या मते त्यात नवे काही असण्याची शक्यता शिल्लक होती. परग्रहावरील यानाचा निर्णायक पुरावा मात्र दोघांपैकी कोणीही पुढे केला नाही.

अन्य देश : ब्रिटनमध्ये १९५० साली सर हेन्री टिझर्ड यांच्या सूचनेवरून एक कार्यगट नेमण्यात आला. जून १९५१ च्या त्याच्या गुप्त अहवालात सर्व वार्ता गैरसमज, दृष्टिभ्रम वा लबाडी यांत गणल्या होत्या. २८ जुलै १९५२ रोजी पंतप्रधान चर्चिल यांनी या प्रकाराचा खुलासा मागविला, तेव्हा याच अहवालाच्या आधारे त्यांना उत्तर देण्यात आले. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाचा संबंधित विभाग २००९ मध्ये बंद झाला व त्याची कागदपत्रे २००८–१३ या काळात टप्प्याटप्प्याने खुली करण्यात आली. कॅनडात १९५० च्या सुमारास सुरू झालेला अल्पजीवी ‘मॅग्नेट’ प्रकल्प १९५४ मध्ये संपला.

सोव्हिएट रशियात २० सप्टेंबर १९७७ रोजी पहाटे पेट्रोझाव्होड्स्क शहरावर जेलीफिशसारखा प्रचंड प्रकाशाकार दिसला. प्लेसेट्स्क येथून झालेल्या ‘कॉसमॉस–९५५’ च्या प्रक्षेपणाचा तो परिणाम होता. अग्निबाणातून बाहेर पडलेला वायू व धूलिकण अतिउंचावर पसरून, अद्याप क्षितिजाखाली असलेल्या सूर्याच्या प्रकाशात उजळले होते. त्या तळाचे अस्तित्वच तेव्हा अधिकृतपणे मान्य केलेले नव्हते. यामुळे १९७८ मध्ये विज्ञान अकादमी व संरक्षण मंत्रालय यांचा ‘सेटका’ हा संयुक्त कार्यक्रम सुरू झाला. सु. तेरा वर्षांत जमलेल्या सु. ३,००० वार्तांपैकी बहुसंख्य वार्तांमागे अग्निबाण व फुगे असल्याचे त्यात आढळले.

फ्रान्सने वेगळा मार्ग पत्करला. १ मे १९७७ रोजी तूलूझ येथील राष्ट्रीय अवकाश संशोधन केंद्रात यासाठी नागरी वैज्ञानिक विभाग स्थापन झाला व नावे बदलत तो चालू राहिला. पोलिसांकडून आलेली प्रत्येक वार्ता तेथे चार वर्गांत घालतात : पूर्ण उलगडा झालेली, बहुधा उलगडा झालेली, माहितीअभावी न सुटणारी आणि पुरेशी माहिती असूनही न सुटलेली. तिसरा व चौथा वर्ग वेगळे केल्याने ‘अनोळखी’ या शब्दातील संदिग्धता पुष्कळशी दूर झाली. ५ नोव्हेंबर १९९० रोजी सोव्हिएट प्रोटॉन अग्निबाणाचा टप्पा फ्रान्सवरून जळत गेला, तेव्हा प्रचंड त्रिकोणी यान पाहिल्याच्या अनेक वार्ता आल्या. १९६८ मधील अनुभवाचीच ती पुनरावृत्ती होती. २००७ मध्ये विभागाने आपले दप्तर जनतेला खुले केले. जुन्या प्रकरणांच्या फेरतपासणीनंतर चौथ्या वर्गाचे प्रमाण सु. ३ टक्क्यांवर आले.

भारत : भारतात अमेरिकेसारखा स्वतंत्र दीर्घकालीन प्रकल्प झाला नाही, परंतु लडाख सीमेवरील एक प्रकरण उद्‌बोधक आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरातील लष्करी ठाण्यांवरून प्रकाशमान वस्तूंची ३२९ वेळा नोंद झाली. त्यांपैकी १५५ वेळा त्यांनी सीमा ओलांडल्याचे वाटले आणि चिनी टेहळणी यंत्रांचा संशय घेतला गेला. लष्कराने बंगळूर येथील भारतीय खगोल भौतिकी संस्थेचे साहाय्य घेतले. एक वस्तू संध्याकाळी क्षितिजावर येई व दुसरी पहाटे. त्यांची स्थाने ताडून पाहता पहिली गुरू व दुसरी शुक्र असल्याचे निश्चित झाले. त्या उंचीवरील विरळ व कोरड्या हवेत ग्रह अधिक तेजस्वी दिसतात. तणावाच्या सीमेवर ग्रहाला शत्रूचे यंत्र समजणे हा केवळ विनोदाचा विषय नाही. रॉबर्टसन मंडळाने १९५३ मध्ये वर्तविलेला धोका याच जातीचा होता.

महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ, खानदेश व मराठवाडा या भागांतील लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या तुकड्यांची रांग पाहिली. उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे अनेक तर्क झाले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सु. ३ मी. व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले व नंतर परिसरात धातूचे गोलही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३ बी’ अग्निबाणाच्या टप्प्याचे ते अवशेष असल्याचे कक्षेच्या गणितावरून दिसून आले. येथे वस्तू हाती लागली म्हणून शंकेला जागा उरली नाही. बहुतेक प्रकरणांत अशी सोय नसते.

अलीकडील चौकशा : रॉझवेल (न्यू मेक्सिको) येथे १९४७ मध्ये सापडलेले अवशेष, रशियाच्या अणुस्फोटांचा ध्वनी टिपण्यासाठी सोडलेल्या ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पातील फुग्यांचे असावेत, असे अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये जाहीर केले. खुलाशाला सत्तेचाळीस वर्षे लागली व तोवर त्या घटनेभोवती दंतकथांचे मोठे जाळे विणले गेले होते. नौदलाच्या वैमानिकांनी घेतलेल्या अवरक्त चित्रफिती प्रसिद्ध झाल्यावर हा विषय पुन्हा शासनदरबारी आला. जून २०२१ मधील गुप्तवार्ता खात्याच्या अहवालात १४४ प्रकरणांपैकी एकाचाच खात्रीलायक उलगडा झाला होता. ती वस्तू हवा निघून जात असलेला मोठा फुगा होती. राष्ट्रीय वैमानिकी व अवकाश प्रशासनाने (नासा) नेमलेल्या स्वतंत्र गटाने सप्टेंबर २०२३ मध्ये अहवाल दिला. समुद्राच्या पृष्ठालगत अतिवेगाने जाताना भासणाऱ्या एका वस्तूविषयी या गटाने पराशयाचे गणित मांडले. ती वस्तू सु. ४ किमी. उंचीवर, ताशी सु. ६४ किमी. वेगाने, म्हणजे वाऱ्याबरोबर वाहत असावी आणि दिसलेला वेग मुख्यतः चित्रण करणाऱ्या विमानाचा असावा, असे त्यावरून दिसले. बहुतेक उपकरणे अशा अभ्यासासाठी जुळविलेली नसल्याने उपलब्ध आधारसामग्री अपुरी आहे, हे गटाने आवर्जून नमूद केले. संरक्षण खात्याने २०२२ मध्ये स्थापन केलेल्या कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये १९४५ पासूनच्या सर्व अमेरिकी चौकशांचा आढावा प्रसिद्ध केला. परग्रहावरील तंत्रविद्येचा पुरावा कोणत्याही चौकशीत मिळालेला नाही, असे त्यात म्हटले आहे.

समालोचन : या चौकशांतून निघालेले मुख्य निष्कर्ष परस्परांशी जुळतात. निरनिराळ्या काळी, परस्परविरोधी राज्यव्यवस्थांत आणि भिन्न पद्धतींनी काम झाले असूनही बहुसंख्य वार्तांमागे ओळखीची कारणे आढळली व एक लहान हिस्सा अनिर्णित राहिला. हा हिस्सा परग्रहवासीयांचा पुरावा ठरत नाही. कारण ओळख न पटणे हे कशाचेही प्रमाण नव्हे. त्याचबरोबर उरलेले सर्व काही शुक्र किंवा फुगाच असले पाहिजे, असे गृहीत धरणेही शास्त्रीय नव्हे. मँटेल व मिशिगन या प्रकरणांत तपासापूर्वीच दिलेल्या खुलाशांनी, पुढे आलेल्या योग्य खुलाशांचीही विश्वसनीयता कमी केली. याउलट कागदपत्रे खुली करून न सुटलेली प्रकरणे तशीच नोंदविण्याच्या फ्रेंच पद्धतीमुळे कालांतराने अधिक प्रकरणे सुटली. स्थान, वेळ, दिशा व कोन यांची अचूक मोजमापे आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी घेतलेली निरीक्षणे यांवाचून अशा वस्तूचे अंतर ठरत नाही आणि अंतर ठरल्याशिवाय तिचा आकार व वेग यांविषयी केलेले कोणतेही विधान आधारभूत मानता येत नाही.